तेलघरातली फुटलेली देवी

१

त्या दिवशी सकाळी तेलघरातली देवी फुटलेली सापडली आणि न्याहारीच्या आत गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला. माझ्यापर्यंत बातमी आली ती त्या माणसासकटच. त्याचे हात जैतुनाच्या गोण्या बांधायच्या दोरीने मागे आवळले होते आणि कपाळावरून रक्त ओघळत होतं.

मी अदनश. एक्रोन गावाच्या पश्चिम वेशीवर पंच म्हणून बसायला लागल्याला बावीस वर्षं झाली होती. माझ्याबरोबर आणखी दोघे बसायचे. त्यातले एक त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते आणि दुसऱ्यांना ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बोलायचं आणि विचारायचं काम माझ्याकडेच होतं.

बांधून आणलेल्या माणसाचं नाव नेरियाहू. यहूदाच्या डोंगरातला पाथरवट. अश्शूरच्या राजाच्या फौजेने त्याचं गाव जाळलं, तेव्हा बायको आणि दोन मुलींना घेऊन तो आमच्याकडे आला. जैतुनं नुकती काळी पडायला लागली होती तेव्हा. तटाखालच्या झोपड्यांमध्ये त्याच्यासारखी तीस-पस्तीस घरं होती. आमची माणसं त्यांना कामं द्यायची आणि त्यांच्याबद्दल कुजबुजायचीही.

"हात तोडा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तसा कायदा होताच. देवाच्या अंगावर हात टाकणाऱ्याचा उजवा हात जायचा. पाथरवटाचा उजवा हात गेला, की त्याच्या घरची चूलही गेली.

तेलघराचा मुकादम नमश पुढे आला. दंडाने भक्कम, बोलायला सरळ. लहानपणापासून मला काका म्हणायचा.

"काका, यात विचारायचं काय आहे? पहाटे मी गेलो. पाय धुतले नव्हते म्हणून उंबऱ्यावरच थांबलो. तिथूनच दिसलं. कोनाडा रिकामा, खाली तुकडे आणि तुकड्यांवर याचा हातोडा. तसाच मागे फिरलो आणि माणसं गोळा केली."

"आत पाऊल टाकलं नाहीस?"

"न धुतल्या पायांनी कसा टाकीन?"

मी नेरियाहूकडे वळलो. "हातोडा तुझा?"

"माझा."

"तिथे कसा?"

"भरडायच्या कुंडाला टाकी लावायचं काम अर्धं राहिलं होतं. हे मुकादम म्हणाले, राहू दे इथेच, उद्या ये. मी कुंडाच्या काठावर ठेवून घरी गेलो."

"आणि तू देवीबद्दल काय बोलला होतास, तेही सांग की," मागून एक बाई म्हणाली.

त्याने मान खाली घातली नाही. "मुकादमांनी मला विचारलं, ही कोण आहे माहीत आहे का. मी म्हणालो, मातीची आहे, पडली तर फुटेल." मग तो म्हणाला, "बोलायला नको होतं."

गर्दी खवळली. मी हात वर केला आणि वेशीची सावली विहिरीच्या कठड्याला टेकेपर्यंत वेळ मागून घेतला. ते कोणालाच आवडलं नाही. "पंचांना डोंगराचं वारं लागलं," असं कोणीतरी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणालं.

तसं काही नव्हतं. खरं सांगायचं तर, त्यानेच फोडली असेल असं मलाही वाटत होतं. फक्त हात तोडल्यावर तो परत लावता येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

२

तेलघर म्हणजे एक लांबट खोली. मधोमध कमरेपेक्षा उंच दगडी कुंड आणि त्यावर भरडायचा गोल दगड. दोन्ही बाजूंना वजनं लटकवलेले दाबाचे वासे. कुंडाच्या पलीकडे मागच्या भिंतीत देवीचा कोनाडा. दाराला फळ्या नाहीत, गोणपाटाचा पडदा आहे. तेव्हा रात्रीतून आत कोणीही येऊ शकलं असतं.

देवी हातभर उंचीची, भाजलेल्या मातीची. पांढऱ्या लेपावर लाल-काळं रंगकाम. तिचे सात मोठे तुकडे झाले होते. मी फरशीवर बसलो. हातोडा उचलून डोळ्यांजवळ धरला. त्याच्या तोंडावर दगडाची पांढरी भुकटी होती. लाल किंवा काळ्या रंगाचा कणसुद्धा नव्हता. एवढी रंगवलेली मूर्ती फोडली तर हातोड्याला काहीच लागू नये?

पण माझे डोळे म्हातारे. मी कितश कुंभाराला बोलावणं पाठवलं.

कितश आला तो तोंड वाकडं करूनच. "मला बोलावलंत, म्हणजे माझ्यावरही संशय आहे."

"आहे. ही देवी ओबडधोबड आहे, मी नवी करून देतो, असं तू दोन वर्षं सगळ्यांना सांगतोयस."

"ओबडधोबड आहेच. माझ्या आज्याने केली, त्याला मान जमायची नाही." तो खाली बसला. "पण नवी करायची म्हणून मी आज्याचं काम फोडीन? मागच्या घरात त्याची तडकलेली मडकीसुद्धा मी जपून ठेवली आहेत."

तो खरं बोलत होता. ती मडकी मी पाहिली होती.

त्याने डोकं आणि धड उचललं, मानेपाशी जुळवून पाहिलं. मग अंगठा तुकड्याच्या कडेवरून फिरवला, हुंगला आणि पुन्हा एकदा फिरवला.

"काय?"

"हे आज फुटलेलं नाही." त्याने आपल्या पाण्याच्या मडक्याचा कान कुंडावर आपटून तोडला आणि माझ्यापुढे धरला. तुटलेली जागा कोरडी, लालभडक होती. "ताजी फूट अशी दिसते. आता देवीची बघा."

देवीच्या मानेची फूट काळपट होती. तिच्यावर पिवळा, चिकट थर होता.

"राळ," कितश म्हणाला. "कोणीतरी ही आधीच फोडली होती आणि राळेने चिकटवून ठेवली होती. काम नीट केलंय, पण मातीतलं माणूस नाही. मातीतल्या माणसाला कळलं असतं की इथे राळ चालणार नाही."

"का?"

त्याने नखाने राळेचा कपचा काढून तळहातावर ठेवला. वाशाखालच्या हंड्यात कालचं तेल होतं, तळाशी अजून कोमट. त्यात बोट बुडवून त्याने त्या कपच्यावर थेंब टाकला आणि चोळत राहिला. हळूहळू कपच्याचा लगदा झाला.

"घाणा सुरू होऊन आज नऊ दिवस. रोज हिच्या डोक्यावर पहिलं तेल ओततात, गरमच. नऊ दिवस तेल मुरलं, राळ सुटली. डोकं घसरलं, त्याच्या भाराने बाकीचंही आलं. हिला काल कोणी हातही लावलेला नाही, पंच."

म्हणजे देवी फुटली होती ती घाणा सुरू होण्याआधी. उन्हाळ्यात, ही खोली विणकाम करणाऱ्या बायकांच्या ताब्यात असते तेव्हा. आणि उन्हाळ्यात नेरियाहू एक्रोनमध्ये नव्हताच.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "कितश, गावात राळ तुझ्याकडेच मिळते. उन्हाळ्यात कोणी नेली होती?"

तो भिंतीकडे बघत राहिला.

"मी विचारतोय."

"ते मला विचारू नका," तो म्हणाला. "घरी जाऊन आधी दोन घास खा. मग वाटलं तर विचारा."

३

मी घरी गेलो नाही. डोकं उचलून पुन्हा पाहिलं. मानेच्या फुटीत, राळेच्या थरात, काहीतरी केसासारखं रुतलं होतं. नखाने सोडवून उजेडात धरलं. लोकरीचा धागा. निळा.

उन्हाळा संपला की घाणा चालतो. घाणा संपला की वासे बाजूला होतात आणि या खोलीत अकरा माग उभे राहतात. त्यातल्या दहांवर पांढरी आणि तपकिरी लोकर विणली जाते. निळी लोकर समुद्राकाठच्या रंगाऱ्यांकडून येते आणि त्या उन्हाळ्यात ती एकाच मागावर होती, मंदिराच्या पडद्यासाठी.

तो माग माझ्या बहिणीचा होता. कुलिबतचा.

मी मूठ मिटली.

ते मला सांगायलाच हवं. मी मूठ मिटली आणि ती बराच वेळ उघडली नाही. दारातून वारा येत होता. बोटं सैल केली असती तर धागा उडून गेला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. राळ दाखवून नेरियाहूला सोडवता आलं असतं. अकरापैकी कोणी, ते शोधत गाव बसलं असतं. कदाचित दुसऱ्या एखाद्या बाईच्या माथी आलं असतं.

"मला काही दिसलेलं नाही," कितश भिंतीकडे बघतच म्हणाला.

त्याने ते प्रेमापोटीच म्हटलं. पण ऐकताना मला स्वतःची शरम वाटली. मी धागा कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि बाहेर पडलो.

४

कुलिबत माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकच मुलगी होती. ती मागच्या हिवाळ्यात बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर कुलिबत कोणाकडे फारशी जायची नाही. दिवसभर माग, मग घर.

तिच्या घराचं दार लावलेलं होतं. भर दिवसा. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"जेवला नाहीस ना?" ती म्हणाली. "मसूर आहे चुलीवर."

मी धागा तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला आणि ओट्यावर बसली.

"कसं झालं, कुली?"

"सगळ्या घरी गेल्या होत्या. मी एकटीच होते." ती हळू बोलत होती. "मी तिला खाली घेतलं, दादा. कोनाड्यातून. किती वर्षं खालून मान वर करून तिच्याशी बोलले. म्हटलं, आज समोर बसून बोल. माझी पोर काय वाईट होती ते मला सांग. मी तिला मांडीवर घेतलं. रागाने हलवलं की काय, मला आठवत नाही. हातातून सुटली एवढं आठवतं."

"मग चिकटवलीस."

"रात्रभर तोच विचार. दुसऱ्या दिवशी मागाची दांडी बसवायची आहे असं सांगून कितशकडून राळ आणली. तो काही बोलला नाही. आणि नंतर मला वाटलं, तिने माफ केलं. इतके महिने तशीच उभी राहिली ना."

चुलीवरचा मसूर लागल्याचा वास यायला लागला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"सकाळी त्याला माझ्याच दारावरून ओढत नेलं," ती म्हणाली. "त्याच्या दोन मुली मागून धावत होत्या. मला सगळं समजलं. आणि मी दार लावून घेतलं."

आता मला तो एकच प्रश्न विचारायचा होता, ज्याच्या उत्तराची भीती वाटत होती. देवी हातून पडली, लपवली, हे एक. पण आपली चूक परक्याच्या माथी मारायला कोणी हातोडा नेऊन ठेवला असेल, तर ते फार वेगळं.

"हातोडा तू ठेवलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कुठला हातोडा?"

५

बहीण आहे म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला, असं गावाने म्हटलं असतं. म्हणून मी परत तेलघराकडे निघालो.

पडदा बाजूला केला आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. आत पाऊल न टाकता. नमश म्हणाला होता तसाच.

समोर दगडी कुंड होतं. त्याच्यामागे भिंतीत कोनाड्याचा वरचा भाग दिसत होता, रिकामा. कोनाड्याखालची फरशी दिसत नव्हती. मी टाचा उंचावल्या, डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. देवीचे तुकडे आणि हातोडा पडले होते त्या जागेतली वीतभर फरशीही दिसेना.

कितश आत होताच. त्याला म्हटलं, "जरा इथे येऊन उभा राहा आणि काय काय दिसतं ते सांग."

तो आला, त्याने पाहिलं. "कोनाडा दिसतो," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "नमश तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे ना?"

"तू नमशपेक्षा उंच आहेस, कितश."

नमश विहिरीपाशी पाणी पीत होता. मी त्याला भिंतीच्या सावलीत नेलं.

"तू आत गेला होतास."

"काका, मी सांगितलं ना..."

"उंबऱ्यावरून तुला कोनाडा रिकामा दिसला असेल. तुकडे दिसत नाहीत, हातोडा तर नाहीच. जो आत जाईल त्यालाच ते दिसेल. आणि हातोड्याला देवीचा रंगसुद्धा लागलेला नाही. तो कुंडाच्या काठावर होता. तिथून तुकड्यांवर तो कोणी ठेवला?"

तो मोठा माणूस भिंतीला टेकून खालीच बसला.

"मी गेलो तेव्हा ती पडलेली होती," तो म्हणाला. "आसपास कोणी नाही. कोनाड्यातून तेल टपकत होतं. काका, मला वाटलं, देवी आपल्याला सोडून गेली. स्वतःहून."

"म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घातलंस?"

"माणसाने फोडली असेल तर माणसाला शिक्षा करता येते. तिथे ते संपतं. देवी स्वतःहून फुटली तर काय करायचं? एकही माणूस घाण्याला हात लावणार नाही. अश्शूरचा अधिकारी पंधरा दिवसांनी खंडणीचं तेल न्यायला येतोय. तेल नसेल तर तो काय करतो, ते आपण पाहिलंय." त्याने तोंड पुसलं. "हातोडा समोरच होता. तो जे बोलला होता तेही आठवलं. विचार असा केलाच नाही."

"त्याच्या हाताचा विचार केलास?"

नमश आपल्याच उजव्या हाताकडे बघत राहिला.

६

सावली विहिरीच्या कठड्याला टेकली तेव्हा सगळं गाव वेशीवर होतं. मी फुटके तुकडे फडक्यावर मांडले. कितशने कोमट तेलात राळ चोळून दाखवली. पुढच्या रांगेतल्यांनी बोट लावून पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं. चार जणांना तेलघराच्या उंबऱ्यावर उभं करून आणलं. चौघांनी एकच सांगितलं.

मग मी पट्ट्यातून धागा काढला. नाव न घेता तो नुसता वर धरला.

कुलिबत बायकांमधून पुढे आली. "माझा आहे," ती म्हणाली. आणि मला जे सांगितलं होतं ते तिने तसंच सगळ्यांना सांगितलं, शेवटचं दार लावून घेतल्याचंही. ते तिने वगळलं असतं तर कोणाला कळलं नसतं.

 नेरियाहूच्या दोऱ्या सोडल्या. तो मनगटं चोळत उभा राहिला.

खोटा आळ घेणाऱ्याला आळाचीच शिक्षा, असाही आमचा कायदा आहे. म्हणजे नमशचा हात, आणि पहिल्या कायद्याने पाहिलं तर कुलिबतचाही. गर्दीत आता त्यासाठी कोणी ओरडत नव्हतं. बहिऱ्या पंचांच्या कानाशी ओरडून मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आज फुटलं तेवढं पुरे." मी मान हलवली. नमशचं मुकादमपण गेलं आणि घाण्याचा हंगाम संपेपर्यंत त्याने गावाबाहेर राहायचं ठरलं. कुलिबतने ते तुकडे स्वतःच्या हातांनी मंदिराच्या फरशीखाली पुरायचे आणि दोन वर्षं मागाला हात लावायचा नाही.

नमशचा हात मी वाचवला तो बहिणीवर कठोर व्हावं लागू नये म्हणून, असं काही जण म्हणाले. आजही म्हणतात. ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

सगळे पांगायला लागले, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, की उद्यापासून मी इथे बसणार नाही. ज्याच्या घरातून असं निघालं, त्याने दुसऱ्यांचा न्याय करू नये. कोणी अडवलं नाही.

७

दिवस कलायच्या आधी मी तटाखाली गेलो. नेरियाहू झोपडीबाहेर दगडावर बसला होता. बायकोने कपाळावर फडकं बांधलं होतं. तिने मला बसायला घोंगडी टाकली. पुढ्यात भाकरी आणि अंजीरं ठेवली. यहूदाची माणसं आमच्याबरोबर जेवत नाहीत. नेरियाहू माझ्याजवळ बसून राहिला, मी खात असताना.

"तुझी माफी मागायला आलो," मी म्हणालो. "गावाच्या वतीने नाही. माझ्याच."

"तुम्ही तर मला सोडवलंत."

मग मी त्याला मुठीचं सांगितलं. किती वेळ मिटली होती तेही. ते वेशीवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

तो ऐकत राहिला. आत त्याची धाकटी मुलगी थोरलीला काहीतरी सांगून हसवत होती.

"बहीण होती तुमची," तो शेवटी म्हणाला. "मी असतो तर मूठ उघडली असती की नाही, मला माहीत नाही." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुम्ही उठलात तिथून, असं ऐकलं. खरं?"

"खरं. ते जास्त योग्य वाटलं."

"कोणाला?"

मला कळलं नाही तो काय विचारतोय.

"राग मानू नका, पंच. तुम्ही उठलात, तुमचं मन हलकं झालं. आम्ही इथेच राहणार. आम्हाला जायला दुसरी जागा नाही. पुढच्या वेळी कोणाची शेळी हरवेल, कुठे आग लागेल, लोक या झोपड्यांकडेच बघतील. तेव्हा सावली विहिरीला टेकेपर्यंत थांबा, असं म्हणायला तिथे कोण असेल?"

मी हातातली भाकरी संपवली, त्याच्या बायकोला हात जोडले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी वेशीवर गेलो. दोघा-तिघांनी मला पाहून तोंड फिरवलं. पंचांच्या बाकावर माझ्या जागी कोणीतरी लसणाची टोपली ठेवली होती. ती मी उचलून खाली ठेवली आणि बसलो.